चार नंबरची खोली

रोहडूहून सफरचंदं आणणाऱ्या बेलीरामने
जाताना हातावर एक गाठ ठेवली.
"आयरिस. चार महिने बर्फाखाली झोपतो,
पण मे महिना चुकवत नाही."

कोपरखैरण्यात हौसा म्हणाली, आंबेहळद का?
विळीवरून कशीबशी सोडवली.

बर्फ कुठून आणू मी?
तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजात, चार नंबरच्या खोलीत
पेट्यांमागे ठेवून दिली, गोणपाटात.
मोजणीला शिर्केसाहेब थबकले, हे काय?
लिहा, म्हटलं, सफरचंद, नग एक.

फेब्रुवारीत कुंडीत लावली,
बेलीरामने बजावलं होतं तशी, पाठ उघडी ठेवून,
कासव उन्हाला यावं तशी.
पानं आली. कोयत्यासारखी, एकात एक.
मे आला.
पानंच.

फोनवर तो विचारतो, फुललं?
त्याच्या मागे कुणीतरी लाकडं फोडतंय.
"फुललं की. निळंशार."
तो जरा वेळ गप्प.
"आमच्याकडचं तर पिवळं असतं."

डिसेंबरात गाठ पुन्हा उकरली.
एकीच्या तीन झाल्यात.
स्वेटर चढवला.
चार नंबरचं दार जड आहे,
खांद्यानं ढकलावं लागतं.