पुन्हा वाचा, सावकाश

टोलेडोच्या पोलीस मुख्यालयात, चौथ्या मजल्यावर,
पोलिसांचीच चौकशी होते त्या खोलीत
मी बावीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं टिपते.
खोकला लिहीत नाही.
कुणी गप्प राहिलं तर लिहिते: उत्तर नाही.

आज समोर सार्जंट व्हर्नन कुबियाक.
दोन मजले खाली, असल्याच टेबलाच्या पलीकडून
एकोणीस वर्षं तो विचारत आला.
बसताना खुर्ची पुढे ओढायला गेला,
तर ती जमिनीला बोल्टने जखडलेली.
खाली वाकून त्याने बोल्ट बघितले,
चारही.

शेजारी युनियनच्या लोरेटा पिंकनी,
पर्समध्ये खोकल्याच्या गोळ्या, हातात पिवळं पॅड.
"आरोप लेखी द्या. तारीख, वेळ, तक्रार कुणाची ते.
आणि प्रश्न एकाच माणसाने विचारायचे,
तिघांनी मिळून नाही."
लेफ्टनंटने सुस्कारा टाकला.
सुस्कारेही मी लिहीत नाही.

मग तो नेहमीचा कागद, घडीवर विरलेला:
उत्तर देणं तुम्हाला बंधनकारक आहे,
नाही दिलंत तर नोकरी जाईल,
दिलंत तर फौजदारी खटल्यात
ते तुमच्याविरुद्ध वापरता येणार नाही.
बसचे थांबे पुकारावेत तसा भराभरा.

"पुन्हा वाचा," कुबियाक म्हणाला. "सावकाश."

वाचला. शब्द सुटा करून.
कुणी हसलं नाही, घड्याळ बघितलं नाही.
त्याचा हक्कच होता तो, माझी त्यावर तक्रार नाही.
पण तेच शब्द दुसऱ्यांदा टिपताना
बोटांना एक टेप आठवली,
फेब्रुवारीत मीच उतरवलेली, दोन मजले खालची.
सतरा वर्षांचा टेरेल ओडम, सर्दीने चोंदलेला आवाज:
"परत वाचाल का, सर?"
आणि कुबियाक: "इंग्रजी कळतं ना तुला?
सही कर."
पान सव्वीस, ओळ अकरा.
तिथे पिवळं पॅड नव्हतं. गोळ्या नव्हत्या.
नंतर नाक ओढल्याचा आवाज होता,
तो मी नियमाप्रमाणे गाळला.

पावणेबाराला दहा मिनिटं सुट्टी मिळाली.
तीही पिंकनीबाईंनी मागून घेतलेली.
पाण्याच्या नळापाशी कुबियाक माझ्या बाजूला उभा,
हातातला कागदी पेला चेपून गोळा झालेला.
"मी फार भरभर बोलतोय का?" त्याने विचारलं.
खरंच काळजीने विचारलं.

साक्षीदारांशी बोलायची मला मुभा नाही.
"नाही," मी म्हणाले, "सगळं उतरतंय,"
आणि आत जाऊन
यंत्रापुढे बसले.