बाकी

हॅलिफॅक्सच्या चढावर काळवंडलेल्या दगडी घरांची रांग,
त्यातल्या सव्विसाव्या घरात, जिन्याच्या डोक्यावर,
सात फूट बाय नऊ.
लेक युनिव्हर्सिटीत गेली, तिचा पलंगही गेला,
आता एक मायक्रोफोन, एक स्टूल, आणि मी.

भाऊ मिरजेला. त्याचं दिसणं गेलं दोन वर्षांपूर्वी,
आधी कडा, मग मधलं.
रात्रपाळी संपवून, एक्स-रे विभागाचा वास अंगावर तसाच घेऊन
मी त्याच्यासाठी वाचते:
प्रवासवर्णनं, कीटकांवरची पुस्तकं,
जुने दिवाळी अंक, जाहिरातींसकट.
जाहिराती त्यानं मुद्दाम मागितल्यात.

सुरुवातीला खोली टर उडवायची.
एक टाळी वाजवली की समोरासमोरच्या भिंती
टर्रर्रर्र,
'वाळवी' म्हटलं की 'वी' वेलांटीसकट परत.
म्हणून काळा फोम आणला, इंच न् इंच चिकटवला.
मग खोली जेवायलाच बसली.
माझे 'ह' गिळले, 'श' चावून खाल्ले,
श्वाससुद्धा पानात ठेवला नाही.
भावाचा फोन: "अगं, गोधडीत तोंड घालून वाचतेस का?
कुणी झोपलंय का घरात?"
कुणी नव्हतं.

शेजारचा कीथ सटक्लिफ, निवृत्त सुतार, गुडघे गेलेले,
दाराशी उभं राहून एकदाच खाकरला.
"मारून टाकलंस, लव्ह."
लव्ह तो पोस्टमनलाही म्हणतो.
आवाज गिळायचा नाही, तोंडावर फेकायचाही नाही, म्हणाला,
आणि पुढे हाताची पाची बोटं पसरून दाखवली.
'पांगवायचा' हा शब्द माझा.

त्याच्या शेडमध्ये बंद पडलेल्या चॅपेलची बाकं होती,
पाइनची, शंभर वर्षं बसून बसून गुळगुळीत,
एका फळीखाली वाळलेलं च्युइंग गम,
एकीवर कोरलेलं: एडिथ,
आणि पुढे कुणीतरी खरवडून काढलेलं काहीतरी.

हिशोब मी केला.
शून्य ते सहा, प्रत्येकाचा वर्ग,
सातानं भागायचं, भागाकार सोडून द्यायचा, बाकी ठेवायची.
नऊ: सात एके सात, बाकी दोन.
सोळा: सात दुणे चौदा, बाकी दोन.
पंचवीस: सात त्रिक एकवीस, बाकी चार.
छत्तीस: सात पाचा पस्तीस, बाकी एक.
कीथ ऐकत होता, पेन्सिल कानावर.
"गाणं आहे का?"
"पाढे."
शून्य एक चार दोन दोन चार एक.
तेवढे खोल खण, मध्ये पातळ फळ्या.
बाकांची बाकी, असं मी मराठीत म्हटलं
आणि एकटीच हसले.

पुस्तकं सांगतात, इतक्या लहान खोलीत उपयोग नाही,
दहा फूट तरी अंतर हवं.
दहा फूट आणायचे कुठून?
मागच्या भिंतीवरचा फोम सोलला, रंगही सोबत आला,
कीथच्या पुतण्यानं स्क्रू पिळले.
बाजूच्या भिंतींवर राहू दिला थोडा.
सगळंच कशाला परत यायला हवं.

वाचलं: प्रकरण चौथं, वाळवीचं वारूळ.
शब्द गेला, आणि आला,
पण एकदम नाही, एका वाटेनं नाही,
लग्नघरातून माणसं परततात तसा,
मागेपुढे, बोलत बोलत, कुणी चप्पल शोधत.
'ह' होता. श्वास होता.
चढावर गिअर बदलणारी बसही थोडी होती.

शुक्रवारी भावाचा फोन.
"घर बदललंस?"
"नाही रे."
"मग खिडकी उघडी ठेवलीस."
"इथे? फेब्रुवारीत?"
तो थांबला. त्याच्याकडे कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली.
"कुणीतरी तुझ्या मागे बसलंय पण," म्हणाला,
"बरेच जण. गप्प बसलेत."
मी वळून पाहिलं.
चौथ्या खणाच्या काठावर एडिथ, आडवी.

सांगितलं नाही काही.
मग तो नेहमीसारखं, "बरं, बाकी काय?"
आणि मी सांगत बसले,
कीथचे गुडघे, लेकीची परीक्षा, बसचं वाढलेलं भाडं.