लवंगेचा घाणा

डिसेंबरातला कोरडा दिवस लागतो.
हवेत ओल असली की साखर रुसते,
गोळ्या बरणीत एकमेकींना धरून बसतात,
मग सुरीच्या मुठीने फोडाव्या लागतात.
म्हणून आई सकाळी पोर्चवर जाऊन
दोरीवरच्या फडक्याला हात लावायची
आणि आत येऊन मला म्हणायची,
"बोलाव तिला."

तिला म्हणजे लुएला मावशीला.
स्वतः फोन करायची नाही.
वेस्ट व्हर्जिनियातल्या आमच्या चिंचोळ्या खोऱ्यात
दोघींची घरं ओढ्याच्या दोन अंगांना,
एकीच्या धुराड्याचा धूर दुसरीच्या खिडकीत,
आणि मधे काळ्या अक्रोडाची सात झाडं,
म्हणजे त्यांचे बुंधे.
झाडं मावशीने विकली होती,
आजोबांना पुरून सहा आठवडे झाले तेव्हा, न विचारता.
ओंडक्यांचा ट्रक पुलावरून गेला
तेव्हा आई कपडे वाळत घालत होती.
चिमटे संपले तरी घालत राहिली.

पण या गोळ्या एकटीने होत नाहीत.
साखर, मक्याचा पाक, पाणी.
एकतारी होतो, दोनतारी होतो,
गोळीबंद होतो; इथवर कुणीही येतं,
पाण्याचा हबका मारून मागेही फिरता येतं.
पुढे बुडबुडे जड होतात, आळसावतात,
आणि गार पाण्यात सोडलेला थेंब
तळाशी जाता जाता तडकतो, काचेसारखा.
आच बंद. रंग. तेल. ओत.
त्यानंतर तीन मिनिटं, फार तर चार.
एकीने कडा सोडवून पट्ट्या कापायच्या,
दुसरीने पट्ट्यांचे तुकडे,
दोघींच्या बोटांना एकाच जागी फोड.
माझ्याकडे पिठीसाखर.
तेरा वर्षांचा मी, कोपरापर्यंत पांढरा.

"कात्री."
"जाड होतंय."
"तुझ्या बाजूने गार झालं."
वर्षभराचं त्यांचं बोलणं एवढंच.
मी मोजायचो. आदल्या वर्षी एकतीस शब्द,
त्यातले नऊ "लवकर".

दालचिनीचा लाल, लिंबाचा पिवळा,
पुदिन्याचा हिरवा,
बडीशेपेचा निळा; निळाच का, ते कुणाला माहीत नव्हतं.
शेवटी लवंगेचा जांभळा.
तो घरात कुणालाच आवडत नसे.
आजोबा खायचे, खाणीतून वर आल्यावर एक गालात,
"कोळशाची चव मरते," म्हणायचे.
ते गेले तरी घाणा निघत होता.
का, ते विचारायला
शब्द खर्च झाले असते.

त्या वर्षी तेलाची बाटली कलंडली.
आईच्या कोपराने की मावशीच्या,
यावर दोघींचं अजून एकमत नाही.
अख्खी बाटली त्या तापल्या पाकात!
वाफेचा लोट नाकात, घशात, डोळ्यांत,
मी खिडकीशी धावलो, ती बर्फाने धरलेली.
मागे वळून पाहतो तर दोघी
ओतलेल्या पाकावर वाकून
नाक पुसत, रडत, कापत होत्या.
थांबायची सोय नव्हती.
आणि कात्री न थांबवता मावशी म्हणाली,
"दवाखान्याचं बिल होतं, ऑर्फा.
तुला कळू देऊ नको म्हणाले होते."

आईने पट्टी उचलली,
मावशीच्या बाजूला सरकवली.
"जाड होतंय," म्हणाली.
मग बऱ्याच वेळाने, "किती होतं?"

मी मोजणं तिथेच सोडलं.

नंतर वाटणी झाली. तुझी, माझी, तुझी, माझी.
एक उरली.
गार झालेली गोळी कापता येत नाही,
कापली तर चुरा होतो,
म्हणून ती माझ्या तोंडात आली.
आधी आग. मग जीभ कुठे आहे तेच कळेना.
टेबलाच्या दोन टोकांवरून
दोघी आळीपाळीने विचारत होत्या,
"कशी झालीय? अरे, सांग ना, कशी झालीय?"