लवणारा दांडा

अवालीच्या वाळूवर गवत नाही;
काखेत खोट्या गवताच्या चटईचा तुकडा,
तोच माझा हिरवा मुलूख.

परकार माझा स्विंग तीनदा बघतो.
मग स्टिफ शाफ्ट हातातून काढून घेतो.
“हा तुमच्या पंचेचाळिशीचा, साहेब.
आता रेग्युलर घ्या. जरा लवतो,
पण चेंडूपाशी वेळेवर पोचतो.”

लवणं आमच्या घराण्यात नाही, मी म्हणतो.
“म्हणूनच चेंडू उजवीकडे जातो,”
फडक्यानं ग्रिप पुसत तो.

रिफायनरीच्या ज्योतीकडे तोंड करून एक मारला.
हातांना कळलंच नाही
कधी सुटला.
परकार डोळ्यांवर आडवा हात धरून
अजून वरच बघतोय.

जुना शाफ्ट गॅलरीतल्या कुंडीत,
कारल्याच्या वेलाला रोवलाय.
एवढी कारली लागली,
वाकत नाही.