एका वेळी एकच

दहा चाळीस. गोठला.
नोदारने चष्मा कपाळावर सरकवला, वहीत वेळ लिहिली.
पडद्यावर आमचा नातू अर्ध्या जांभईत अडकलेला,
माऊसचा बाण त्याच्या नाकावर
मधात रुतलेल्या मधमाशीसारखा.
तिकडे बारीत लेवान एव्हाना शाळेत पोचलाही असेल,
इथे कुताइसीत त्याचं तोंड मिटत नाही.

मी म्हणते, बटण दाब, बंद कर, चालू कर.
तो म्हणतो, ती दुरुस्ती नव्हे, त्सिआला, ती विनवणी.
चौतीस वर्षं ट्रकच्या कारखान्यात
कान लावून इंजिनं ऐकलीत त्याने.
नियम एकच सांगतो, बोट वर करून:
एका वेळी एकच गोष्ट बदलायची,
मग थांबायचं.

तर आधी पंखा.
माझ्या केकच्या ब्रशने झाडला,
निघालं काय: मांजराचे केस, अक्रोडाच्या सालीचा चुरा,
आणि राखाडी लोकर, जी घरात कुणी कधी घातली नाही.
थांबलो. दुसऱ्या दिवशी गोठला.
मग मेमरीची पट्टी, खोडरबराने घासून.
खोडरबर लेवानचं, दातांचे ठसे अजून त्यावर.
नोदारने ठशांची बाजू वाचवून घासलं,
मला वाटलं, मी पाहिलं नाही असं त्याला वाटू दे.
गोठला.

वहीत तो सगळंच लिहितो.
कारण कुठलं ते आधी कुठे कळतं, म्हणतो.
"चार पंधरा. गोठला. बेल. लामारा भांडायला आली,
दोन कॉफ्या पिऊन गेली."
"नऊ दोन. गोठला. बेल. मीटरवाला."
"अकरा. गोठला नाही. मीच झोपलो."
"बारा वीस. गोठला. त्सिआला पाव घेऊन आली,
पाव गरम होता, एक टोक वाटेतच खाल्लेलं."
आयुष्यात याने मला चार ओळींचं पत्र लिहिलं नव्हतं.

आमच्याकडे एकदा सगळंच एकदम बदललं.
झेंडा, नोटा, रस्त्याचं नाव, कारखान्याचं कुलूप.
दिवे गेले, नळ गेले, नोदारचा भाऊ गेला रशियाला.
दोन हिवाळे आम्ही केरोसीनच्या शेगडीला चिकटून
असेच थिजून बसलो, तोंडं अर्धी उघडी,
आणि कुणाकडेच वही नव्हती.
बिघाड कुठल्या तारेत होता
यावर अजूनही प्रत्येक मेजवानीत भांडण होतं,
तिसऱ्या ग्लासानंतर.

सतराव्या दिवशी तो डुलक्या घेत होता,
मी भाजी निवडता निवडता वही चाळली.
गोठला, बेल. गोठला, बेल.
माणूस यायचं असलं की गोठतो हा!
नोदार ताडकन उठला.
खाली कुणीतरी वीस तेत्रींचं नाणं टाकतं,
लिफ्ट हिसका देऊन निघते,
आणि त्या एका हिसक्यात आमच्या मजल्यावरची वीज
घोटभर कमी होते.
म्हातारी लिफ्ट, म्हातारा संगणक,
एकाने श्वास घेतला की दुसऱ्याचा अडकायचा.

बाजारात जिमशेरकडून जुना स्टॅबिलायझर आणला,
घासाघीस करून, सोबत एक टरबूज फुकट.
तेव्हापासून गोठत नाही.
लेवान पूर्ण जांभई देतो, मिटतो,
"बाय बेबो" म्हणतो आणि जातो.

वही मात्र चालूच आहे.
काल उघडून पाहिली:
"सहा तीस. गोठला नाही. लामारा आली.
त्सिआलाने कॉफी ठेवली नव्हती."

खरं आहे.
आधी पडदा थिजला की मी उठून कॉफीचं भांडं ठेवायची,
अर्धं मिनिट हातात असायचं.
आता सगळं सुरळीत चालतं,
आणि बेल वाजली की मी दचकते.