सोळा गुणांचा प्रश्न

सिंदेवाहीच्या आत, तळ्याकाठचं आमचं कॉलेज.
इंग्रजी घेतलेले नऊ, सराव परीक्षेला बसले सात.
एप्रिलची दुपार. लाइट नाही.
प्रश्न चौथा: राणीच्या काळातल्या कादंबरीत
नीती आणि सौंदर्य यांचं नातं. सोदाहरण लिहा.

सहाजणांनी माझेच मुद्दे मला परत केले,
उसनं नेलेलं पायलीभर धान मोजून आणून द्यावं तसे,
फळ्यावर झालेल्या माझ्या स्पेलिंगच्या चुकीसकट.

सातवा पेपर रोशना गुरनुलेचा.
पानांना मोहाचा वास. पहाटे तीनला उठून
वेचून, टोपली अंगणात उलटून
तशीच बाकावर येऊन बसली असणार.
इंग्रजी मोडकं, पण कळतं:

लेखक आधी दोन पानं तिचे केस सांगतो.
मग मान. मग हातमोजा काढताना दिसलेलं मनगट.
तो बघतो, आपण बघतो, सगळ्यांना बरं वाटतं.
मग ती चुकते.
मग थंडी, ताप, नदी, काहीतरी.
शेवटून दुसऱ्या प्रकरणात तिला मारतात.
बघितलं सगळ्यांनी. दंड तिनं भरला.

त्याखाली रेघ, आणि मराठीत, घरच्या बोलीत:
'सर, मंग सुंदरपन कोनाचा होता, ना पाप कोनाचा?'

मी पेन ठेवला.

दिवाळीनंतरच्या मंडईत, रात्रभराच्या नाटकाला
पहिल्या रांगेत, हार घालून, मी बसलो होतो.
ती नाचली तेव्हा मांडीवर ठेका धरला होता मीच.
पहाटे चारला तिनं विष घेतलं,
आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.
मग मी माईकवर बोललो. 'बोध' हा शब्द तीनदा.
उतरताना पडद्यामागे बघितली तिला:
विषाची बाटली काखेत धरून चिवडा खात होती,
टेम्पोत झोपलेलं पोर नीट आहे ना, बघत.
म्हणाली, भाषन मस्त झाला साहेब.

आदर्श उत्तरात मुद्दे चार.
रोशनाच्या पेपरात त्यातला एकही नाही.
आठ दिले.
खोडले. अकरा केले.
खोडलं तिथं सही लागते, नियम आहे.
केली.

गठ्ठ्यात मुंग्या फक्त त्याच पेपराला लागल्यात.
फुंकर मारतो, पुन्हा येतात.