आडपडदा

भुसावळला जामनेर रोडवर वडिलांचं छपाईचं दुकान होतं.
लग्नपत्रिका, केळीच्या खोक्यांवरचे छाप,
निवडणूक आली की कापडी फलक.
दिवा घालवून, गंजीफ्रॉकवर, श्वास धरून
ते रेशमी जाळीवर पिवळं रसायन ओढायचे,
मग उजेड दाखवायचे मोजून तीन मिनिटं.
उजेड लागला ते टणक,
सावलीत राहिलं ते पाण्याला वश.
पाण्याखाली हळूहळू उघडत यायची
गणपतीची सोंड,
'चि. सौ. कां.' मधली टिंबं सगळ्यात शेवटी.

पिवळं पाणी मोरीतून गटारात जायचं.
गटारातून कुठे,
हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही.

त्यांच्या बोटांना खड्डे पडले.
गोल, टिकलीएवढे, फारसे न दुखणारे.
डॉक्टर तायडेंनी विचारलं, हात कशानं धुता?
रॉकेलनं, ते म्हणाले.
मग साबणानं.
मग परत रॉकेलनं.

आता मी जळगावला, गिरणेपलीकडच्या टेकडीवर,
काचेवर सोन्याच्या रेघा उमटवते,
केसाच्या विसाव्या हिश्शाएवढ्या.
जळगावात सोन्याचं काम करते म्हटलं
की बायका माझा गळा बघतात.

युक्ती दुकानातलीच.
जिथे सोनं नको तिथे आधी आडपडदा धरायचा,
सोन्याची वाफ सगळीकडे बसू द्यायची,
मग पडदा काढून घ्यायचा.
तो जाताना आपल्या अंगावरचं सोनं घेऊन जातो.
जिथे तो नव्हता
तिथे रेघ.

पडदा काढायला आजवर जे वापरलं
त्याच्या बाटलीवर कवटी आहे.

म्हणून यंदा धावड्याचा डिंक.
चोपड्याच्या बाजारात गुमानीबाई पावरा विकते,
एकेक खडा उन्हाकडे धरून, एक डोळा मिटून.
मी काच तपासते अगदी तशी.
कोण बाळंतीण घरात? तिनं विचारलं.
मी म्हटलं, यंत्र.
ती हसली आणि वर मूठभर घातला.

मार्चमध्ये बुडबुडे.
एप्रिलमध्ये एक बरा, चार वाईट.
मे महिन्यात पारा शेहेचाळीसवर,
हवेत नावाला ओल नाही,
आठव्या मिनिटाला पडद्याला तडे.
मग थेंबभर मध घातला.
तडे थांबले.
मुंग्या आल्या.

दोन दारं, वाऱ्याचा झोत, डोक्याला टोपी, पायात पिशव्या,
एवढं सगळं ओलांडून मुंग्या आल्या.
वायकोळे सर संतापले, फटीला मेण लावलं.
त्याआधी एकीला मी भिंगाखाली पाहिलं होतं.
सत्तावन्न नंबरच्या काचेवर
पडदा कुरतडत ती सोन्यापर्यंत आली,
मिशा लावून बघितलं,
वळली.
सात वर्षांत त्या कवटीवाल्या बाटलीकडे
एकही मुंगी फिरकली नव्हती.
अहवालात हे नाही.

एका रविवारी वडिलांना घेऊन गेले.
टोपीत ते न्हाव्याकडे बसल्यासारखे दिसत होते.
काच चंचुपात्रात सोडली.
बराच वेळ काही नाही.
मग सोन्याला सुरकुती पडली,
दुधावरची साय फुंकरीनं सरकावी तसं सरकलं,
तरंगत वर आलं.
खाली रेघा, सरळ, सगळ्या.

काय टाकलं वं त्याच्यात?
पाणी.
नुसतं पानी?
नुसतं. म्हणजे गाळलेलं, क्षार काढलेलं.
नुसतं पानी, ते म्हणाले,
आता मला नाही, पात्राला.

आणि मी हात धरायच्या आत
त्यांनी बोटं आत घातली,
उजव्या हाताची, खड्ड्यांची, तीन,
आणि तशीच ठेवली.

नमुना बाद.
वहीत कारणाचा रकाना असतो.
मी फक्त तारीख घातली.